पाणी घालून पाहिलेलं रक्त

८ नोव्हेंबर २००२

ही डायरी मागच्या वर्षाची आहे. खताच्या दुकानात फुकट मिळाली होती, कोनाड्यात तशीच पडून राहिली. छापलेले वार आता जुळत नाहीत, म्हणून ते खोडून मी आपली तारीख घालतो आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर मोठं येतं, पान लवकर भरतं.

लिहायला द्रौपदानं बसवलं. काल तिला झोपेतून उठवून विचारलं, गोठ्याची कडी लावली का. पुन्हा उठवून विचारलं. ती म्हणाली, "अवो, तुमची काळजी मला नका सांगत जाऊ, कागदाला सांगा. कागदाला झोप लागत न्हाई."

तर काळजी अशी. माझा मुलगा रविंद्र भोसरीची कंपनी बंद पडल्यावर बायको तेजस्विनी आणि छोट्या अमृताला घेऊन पिंपरी पेंढारला परत आला. पडवीला जाळी मारून त्यानं शेळ्या पाळल्या आहेत. बेल्ह्याच्या बाजारातून निवडून आणल्या. सगळ्यांत देखणी मोरी, ती गाभण आहे. आणि उसात बिबट्या आहे. शेजारच्या गेणभाऊचं कुत्रं त्यानं दारातून नेलं. जाळी मी हातानं ओढून पाहिली, हलते. रविंद्रला सांगितलं तर हसतो. म्हणतो, "आबा, बिबट्याला तुमचा खोकला ऐकू येतो. तो न्हाई यायचा."

२० नोव्हेंबर

बिबट्या आला नाही, पण मोरीनं गाभ टाकला. दिवस भरत आले होते, पिल्लाच्या अंगावर केससुद्धा होते. मेलेलंच पडलं. वार मात्र पोटातच अडकून राहिली. शेळी कण्हायला लागली तेव्हा रविंद्रनं बाही वर केली आणि हातानं वार काढली. माझे हात कापतात, मला जमलं नसतं. काटेरी तारेनं त्याच्या मनगटाला खरचटलेलं होतं. मी म्हणालो, हळद लाव. त्यानं साबणानं हात धुतला आणि चहा प्यायला.

पिल्लू बांधाला पुरलं. माझा जीव दिवसभर थाऱ्यावर नव्हता. पहिल्याच खेपेला असं झालं, आता पोराचा हुरूप जातो की काय.

२४ नोव्हेंबर

मोरीला दूध चांगलं आहे. पिल्लाच्या वाटणीचं सगळं आता आपलंच.

मी लहानपणापासून शेळीचं दूध धारोष्ण पीत आलो. शेळी शंभर झाडांचा पाला खाते, तिचं दूध म्हणजे औषध. तापवलं की औषध जळतं, असं माझी आई म्हणायची. द्रौपदाला त्याचा वास सहन होत नाही, अमृता तर नाक दाबून पळते. तेजस्विनी चहात उकळून घेते, तो काही उपयोगाचा नाही. आजपर्यंत मी एकटाच पीत होतो. पण रविंद्र भोसरीहून आला तो नुसता हाडांचा सापळा होऊन. मी ठरवलं, माझा पेला त्याला द्यायचा. माझं आता काय राहिलंय.

सकाळी फेसासकट पेला नेऊन हातात दिला. तो म्हणाला, "अर्धा तुमी घ्या."

मी म्हणालो, "मी घेतलाय." घेतला नव्हता.

१७ डिसेंबर

रविंद्रला ताप. थंडीचा असेल. संध्याकाळी चढतो, पहाटे घामानं गोधडी पिळून काढावी अशी भिजते. त्या घामाला ओल्या गवतासारखा वास येतो. मला वाटतं विहिरीचं पाणी बाधलं. विहिरीत औषधाची पावडर टाकली.

२९ डिसेंबर

आळेफाट्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. टायफॉईड निघाला. बरं झालं, नाव कळलं. नाव नसलेल्या आजाराची मला जास्त भीती वाटते. गोळ्या दिल्या, खिचडी खायला सांगितली. दुधाचं विचारलं तर म्हणाले, पचत असेल तर द्या. पचतं. सकाळचा पेला चालूच आहे. आता संध्याकाळचाही देतो.

१४ जानेवारी २००३

ताप गेला. मग परत आला. जातो तेव्हा वाटतं गेलाच. रविंद्र उठून शेळ्यांना चारा घालतो, अमृताला सायकलवर बसवून फिरवतो. आठवडाभरानं पुन्हा अंग मोडून पडतो. कंबर धरून उठतो, माझ्यासारखा. बाप आणि पोरगा एकाच वेळी भिंत धरून चालतात हे पाहून गेणभाऊ म्हणाला, "भागुजीभाऊ, शर्यत लावली का काय दोघांनी?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "राव, नजर हाय ही. शेळीवर बी पडली आन पोरावर बी."

आम्ही छप्पन साली हे सगळं सोडलं. मी स्वतः दीक्षेला गेलो होतो. तरी आज तिन्हीसांजेला मीठ-मिरची मुठीत घेऊन रविंद्रच्या उशाशी उभा राहिलो. द्रौपदानं पाहिलं. म्हणाली, "मीठ भाजीला लागतंय. ठिवा तिथं."

ठेवलं. लाज वाटली. पण उतरवून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं, हेही मनातून जात नाही.

११ फेब्रुवारी

तांबडी शेळीनंही गाभ टाकला. या वेळी वार आपोआप पडली.

रविंद्रच्या पाठीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, मणक्याचा टीबी असावा. मी दवाखान्याच्या पायरीवरच बसलो. टीबीनं माझा थोरला भाऊ गेला होता. रविंद्रच मला धरून उठवू लागला. "आबा, आता टीबीला कोण मरतंय? गोळ्या मिळत्यात."

लाल गोळ्या आहेत. लघवी लाल होते म्हणून मी घाबरलो होतो, पण ती गोळीमुळे होते म्हणे.

२० मार्च

आज लिहायला आनंद वाटतो. रविंद्रला ताप नाही. घाम नाही. भाकरी मागून खातो. काल त्यानं पडवीची हलणारी जाळी पक्की केली. तेजस्विनी गाणं म्हणत भांडी घासत होती, किती दिवसांनी.

सगळे म्हणतात गोळ्यांचा गुण. असेल. पण मी गेणभाऊला सांगितलं, दोन वेळचं शेळीचं दूध जातंय पोटात, त्याचा गुण आहे हा. "तुमी बी प्या की मग," तो म्हणाला. मी म्हणालो, मला कशाला, मी कुठं नांगर धरणार आहे.

२५ एप्रिल

रविंद्रचे डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी लाल गोळ्या थांबवायला सांगितल्या. मी घरी येताना रसवंतीवाल्याकडून उसाचा रस घेतला. काविळीला चांगला. डोळे पांढरे होईपर्यंत मला घास गिळवणार नाही.

१९ मे

डोळे पांढरे झाले आणि ताप परत आला.

२३ मे

जनावरांचे सरकारी डॉक्टर दुसऱ्या कामाला गावात आले होते, त्यांना रविंद्रनं शेळ्या दाखवल्या. गाभ टाकलेल्या दोन म्हटल्यावर त्यांनी शेळ्यांकडे पाहायचं सोडून रविंद्रकडे पाहिलं. तापाचं विचारलं. पाठीचं विचारलं. मग म्हणाले, "हा आजार जनावराकडून माणसाला लागतो. रक्ताची वेगळी तपासणी असते, ती करून घ्या. टायफॉईडच्या तपासणीत कळत नाही." आजाराचं नाव मला लिहिता येईना, म्हणून रविंद्रनं इथं लिहून दिलं:

ब्रुसेलोसिस

किती सुंदर अक्षर आहे त्याचं.

ते डॉक्टर जाताना म्हणाले, तोवर दूध उकळून घ्या. मी आजपासून पेला तापवून देतो. औषध जळतं, पण सांगितलंय तर ऐकलं पाहिजे.

२ जून

रिपोर्ट आला. काही नाही! रक्त तपासणाऱ्यानं पहिल्या नळ्या बघून लिहिलं, हा आजार नाही. मी कागद छातीशी धरून मोटारीत बसलो. उगाच घोर लागला होता. रविंद्रही हसला, म्हणाला, "चला आबा, तुमचं औषध पुन्हा चालू करा. जळलेलं दूध पिऊन कटाळा आला."

संध्याकाळी फेसाळ पेला दिला. "अर्धा तुमी घ्या," म्हणाला. मी म्हणालो, घेतलाय.

६ जुलै

रविंद्रला दम लागतो. गोठ्यापर्यंत जाऊन येतो आणि ओट्यावर बसतो. पायावर सूज आहे, बोटानं दाबलं की खळगा राहतो. मला वाटलं रक्त कमी झालं असेल. तेजस्विनी आज प्रथमच माझ्यावर आवाज चढवून बोलली. "आबा, वाटतं-वाटतं पुरे. उद्या मंचरला न्यायचं. नवीन डॉक्टरीणबाई आल्यात."

७ जुलै

मंचर. हमरस्त्यावर कांद्याच्या ट्रकांची रांग, दवाखान्यात पोचायला उशीर झाला. डॉक्टर वैजयंती वयानं लहान आहेत, तेजस्विनीएवढ्या. त्यांनी रविंद्रच्या छातीवर नळी ठेवली आणि बराच वेळ काढलीच नाही. सगळे जुने कागद वाचले. जूनचा कागद वाचून त्यांनी तोंडातल्या तोंडात काही म्हटलं. मग रक्त घेतलं.

तपासणीच्या खोलीत सुनील नावाचा माणूस आहे. त्याला मी विचारलं, हे आधी झालंय, परत का? तो म्हणाला, "बसा बाबा, दाखवतो." रक्त ठेवलं की ते खाली गोठतं आणि ताकावर निवळ येते तसं वर पिवळसर पाणी येतं. आजार त्या निवळीत कळतो, लाल रक्तात नाही. त्यानं काचेवर निवळीचा थेंब ठेवला, शेजारी गुलाबी औषधाचा थेंब, काडीनं दोन्ही एक केले आणि काच हलवत राहिला. मला वाटलं आता गुलाबी पाणी दिसेल. दूध नासल्यासारखे कण दिसायला लागले. बारीक, मग मोठे.

सुनीलनं काच बाजूला ठेवून वहीत काहीतरी लिहिलं. 

१० जुलै

आज नळ्यांची तपासणी मिळाली. डॉक्टर वैजयंतींनी समजावलं. काचेवरच्या गुलाबी थेंबात दिसलं, पण नळीत निवळ थोडीच पातळ करून पाहिली तर या पोरात काही दिसत नाही, कारण अंगातलं झुंजणारं बळच इतकं जास्त झालंय की नळीत गाठी धरत नाहीत. मिठाचं पाणी घालत घालत पुढं गेलं की मग दिसतं. जूनमध्ये पहिल्या नळ्यांवरच थांबले. पुढच्या नळ्या केल्या असत्या तर तेव्हाच कळलं असतं.

दुधात पाणी घातलं तर चोरी पकडली जाते. रक्तात पाणी घातल्यावर रोग पकडला जातो, हे मला या वयात कळलं.

टीबी नव्हताच. लाल गोळी या आजारालाही चालते, म्हणून मधे बरं वाटलं होतं. आता आजार हृदयाच्या झडपेला लागलाय. पुण्याला न्यावं लागेल. जागा मिळेपर्यंत गोळ्या आणि इंजेक्शनं घरी.

मग त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि रविंद्र-तेजस्विनीशी बोलल्या. खूप वेळ.

मोटारीत मी रविंद्रला विचारलं, "दुधातून तर न्हाई ना आलं हे?"

तो खिडकीबाहेर पाहत होता. म्हणाला, "न्हाई आबा. मोरीची वार काढली ना, तवा हाताला खरचटलेलं व्हतं. त्यातून गेलं. दुधाचा काय संबंध न्हाई." तेजस्विनीनं पदर तोंडाला लावला. तिला मोटार लागते.

मनावरचा धोंडा उतरला. पण मग दुसरा बसला. त्या दिवशी मी म्हणालो होतो हळद लाव. बळजबरीनं लावायला हवी होती.

१२ जुलै

रविंद्रला दुधाची भूक लागली आहे. हे चांगलं लक्षण. आज स्वतःहून म्हणाला, "आबा, दूध सगळं मलाच देत जा. तुमी थेंबसुद्धा घेऊ नका, आईला, अमूला बी नको. मला लागतंय." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यानं काही मागून घेतलं. आणि म्हणाला, धार काढल्यावर हात साबणानं धुवा, गोठ्याचा वास येतो. पूर्वी कधी वास आला नव्हता त्याला. आजारी माणसाचं नाक हळवं होतं.

गेणभाऊ मोरीला विकत मागायला आला होता. गिऱ्हाईक चांगलं होतं. रविंद्रनं पडल्या पडल्या सांगितलं, "भाऊ, तिला मी कुणाच्या दावणीला देणार न्हाई." गेणभाऊ मला म्हणाला, पोराचा जीव जडलाय शेळीवर.

१६ जुलै

दोन्ही वेळचा पेला रिकामा परत मिळतो. मी समोर थांबलो तर म्हणतो, "ठिवा तिथं, निवांत पितो." मग मी थांबत नाही.

त्याच्या खिडकीखाली गावातली सगळी मांजरं जमायला लागली आहेत. सारखी हाकलतो, पुन्हा येतात. मला काळजी, एखादं आत शिरून पेल्याला तोंड लावील. द्रौपदाला सांगितलं. एरवी ती मला चार शब्द सुनावते. आज नुसती "बरं" म्हणाली.

२१ जुलै

पुण्यात जागा मिळाली. उद्या नेतात. ऑपरेशन करून झडप बदलतात म्हणे. माणसाच्या हृदयाला झडप असते, आपल्या विहिरीवरच्या पंपाला असते तशी. पंपाची मी स्वतः बदलली आहे. हे आठवून थोडा धीर आला.

तिथं शेळीचं दूध मिळणार नाही. मी बाटलीत भरून देतो म्हणालो. रविंद्रनं माझा हात धरला. "आबा, तिथं चालत न्हाई. मी परत आल्यावर द्या." हात गरम होता.

१४ ऑगस्ट

रविंद्र सकाळी गेला. पुण्यात. ऑपरेशनच्या आधीच.

३० ऑगस्ट

जलदानाचा कार्यक्रम झाला. भन्तेजी बोलले, मला ऐकू येत होतं पण कळत नव्हतं. द्रौपदा माझ्याशी बोलत नाही असं नाही. बोलते. पण टोचून बोलत नाही. पन्नास वर्षांत मी तिला अशी पाहिलेली नाही. मला त्याचीच भीती वाटते.

९ सप्टेंबर

जनावरांच्या डॉक्टरांनी शेळ्यांचं रक्त नेलं होतं. मोरी, तांबडी आणि आणखी काही वाईट निघाल्या. सरकारी माणसं येऊन घेऊन गेली. एक पांढरी शेळी चांगली निघाली, तेवढी दावणीला आहे. ती रात्रभर ओरडली.

डॉक्टर वैजयंतींचा निरोप आहे, घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्यावं.

१५ सप्टेंबर

मंचर. द्रौपदा, तेजस्विनी, अमृता, तिघींचं रक्त स्वच्छ. माझंही स्वच्छ.

मी सुनीलला म्हणालो, "पाणी घालून बघा."

"घातलं बाबा."

"अजून घाला. रविंद्रचं बी आधी दिसलं न्हवतं."

त्यानं मला आत नेलं. नळ्यांची रांग दाखवली. पहिली, मधली, शेवटची, सगळ्या सारख्या. कुठंही गाठ नाही. मी चष्मा पुसून पाहिलं. त्यानं गुलाबी थेंबही करून दाखवला. काच हलवत राहिला, हलवत राहिला. गुलाबीच राहिला.

डॉक्टर वैजयंतींना मी विचारलं, "मी शेळ्यांत असतो, त्यांच्याशेजारी झोपतो, बिबट्याच्या भीतीनं. मला कसं न्हाई झालं? मी म्हातारा. मला व्हायला पायजे व्हतं."

त्या लिहीत होत्या. "बाबा, तुम्ही कच्चं दूध पिता का?"

"पूर्वी प्यायचो. मोरीनं गाभ टाकला तवापासून सोडलं. माझा पेला मी रवीला देत व्हतो."

त्यांचं लिहिणं थांबलं. त्यांनी वर पाहिलं, पण माझ्याकडे नाही, तेजस्विनीकडे. तेजस्विनी म्हणाली, "आबा, बाहेर रिक्षा मिळतीय का बघा ना. अमू कटाळलीय."

मी बाहेर गेलो. रिक्षा दारातच उभी होती. परत आत आलो. डॉक्टर म्हणाल्या, "बाबा, तुमच्या मुलाला वारेतून लागलं. हाताला जखम होती."

मी विचारलं नव्हतं.

२८ सप्टेंबर

तेजस्विनी जेवत नाही. पोळी कुस्करते आणि अमृताच्या ताटात सारते. गळ्याची हाडं दिसायला लागली आहेत. मला वाटलं, ही पण अशीच झिजून जाणार. पांढरी स्वच्छ आहे, तसा कागद आहे. म्हणून आज सकाळी धार काढली आणि फेसासकट पेला तिच्यापुढे नेला. "घे पोरी. अंगात बळ येईल."

तिनं पेला घेतला. आत पाहत उभी राहिली. मला वाटलं टाकून देते की काय. तिनं ते दूध पातेल्यात ओतलं आणि पातेलं गॅसवर ठेवलं.

मी म्हणालो, "अगं, तापवू नको. औषध जळतं त्यातलं."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "जळू द्या, आबा."

द्रौपदा चुलीशी बसली होती. तिनं मान वर केली नाही. दूध वर आलं. दोघींपैकी कोणीही गॅस कमी केला नाही. ते उतू गेलं, बर्नरवर चर्रर झालं, घरभर करपल्याचा वास झाला. मग तेजस्विनीनं उरलेलं दूध पेल्यात गाळलं आणि माझ्यापुढे धरलं. "अर्धं तुमी घ्या."

मला घेता आलं नाही. गोठ्यात येऊन बसलो आहे. इथंच लिहितो आहे.

रविंद्रच्या खिडकीखाली आता मांजरं येत नाहीत. मी आज लक्ष ठेवून पाहिलं. एकही नाही.

आधी तो म्हणायचा, अर्धा तुम्ही घ्या. मंचरहून आल्यावर म्हणाला, थेंबसुद्धा घेऊ नका.